बो की बाउ?

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटुकलं संपलं आणि निवेदन करणाऱ्या मुलानं माइकवरून कलाकारांना सांगितलं, "टेक अ बो!" म्हणजे प्रेक्षकांना लवून नमस्कार करा. मागच्या रांगेतली मुलं हसली. घरी आल्यावर सहावीतल्या लेकीनं आईला विचारलं, "रेनबोमध्ये बो चालतं, मग इथे का नाही?" त्या ताईंनी हा प्रश्न माझ्याकडे पाठवला आहे.

इथे 'बाउ' म्हणायचं, काउ आणि नाउच्या यमकात. रेनबोमधला 'बो' मात्र गो, स्नो, शोच्या यमकात. स्पेलिंग एकच, बी-ओ-डब्ल्यू. लेकीला एवढं सांगा: वाकणं ते बाउ, वाकलेली वस्तू ती बो.

वस्तू किती ते बघा. धनुष्य म्हणजे बो. व्हायोलिनचा गज म्हणजे बो, कारण जुने गज धनुष्यासारखेच बाकदार असत. केसांतल्या रिबिनीचा बो, बुटाच्या नाडीची सुरगाठ, बो टाय, सगळ्यांत तोच बाक. पावसातलं धनुष्य ते रेनबो. हाताचं कोपर ते एल्बो, त्यातला 'एल' म्हणजे जुन्या इंग्रजीत हाताचा पुढचा भाग. नळाच्या सामानाच्या दुकानात आपण 'अर्ध्या इंचाचा एल्बो' मागतो, तो काटकोनात वळलेला तुकडा हातात घेऊन पाहिला की शब्द आपोआप उलगडतो.

जुन्या इंग्रजीत या बोचं रूप 'बोगा' होतं आणि त्याचा अर्थ धनुष्याइतकाच कमान असाही होता. आपल्याकडे हुबेहूब हेच झालंय. फारसीत कमान म्हणजे धनुष्य, 'तीरकमान' मध्ये ते अजून शिल्लक आहे. मराठीत मात्र कमान म्हटलं की आधी दरवाजाची कमान डोळ्यांपुढे येते. लंडनमधल्या सेंट मेरी-ल-बो चर्चच्या नावातला बो तळघरातल्या दगडी कमानींवरून आलेला आहे. त्याचा उच्चार बोच, याची साक्ष एक जुनं बालगीत देतं. त्यात घंटा एकमेकींशी बोलतात आणि बोची थोरली घंटा म्हणते, 'आय डू नॉट नो'. नो-बो असं यमक जुळतं. उच्चाराची शंका आली की मी आधी जुनी गाणी धुंडाळतो, यमक कानाला फसवत नाही.

वाकण्याच्या बाउचं जुनं रूप 'बूगन'. बोगा आणि बूगन ही एकाच घरातली भावंडं, स्वर वेगळे म्हणून उच्चार वेगळे झाले आणि पुढे स्पेलिंग तेवढं एक झालं. भाषाशास्त्रज्ञ या घराण्याचं नातं संस्कृतातल्या 'भुज्' म्हणजे वाकणे या धातूशी जोडतात. भुजंग म्हणजे वाकडातिकडा जाणारा. भुजा म्हणजे वाकणारा अवयव. आपल्याकडे भ्रातृ तर तिकडे ब्रदर, तसंच इथेही, आपल्याकडे भ तिथे तिकडे ब.

आता एक शब्द वरच्या नियमात बसत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त तोच आवडतो. जहाजाचं पुढचं टोक, आपल्याकडे ज्याला नाळ म्हणतात, त्यालाही बी-ओ-डब्ल्यूच. तो वस्तू असूनही बाउ! कारण तो या घरातला नाहीच. तो उत्तर समुद्राकाठच्या डच-जर्मन बोलींतून आला, मूळ अर्थ खांदा. नाळेपाशी जहाजाच्या दोन्ही बाजू खांद्यांसारख्या आत वळतात. झाडाच्या फांदीला इंग्रजीत जो 'बाउ' म्हणतात (बी-ओ-यू-जी-एच), तो याचाच सख्खा भाऊ, आणि दोघांचं संस्कृतातलं भावंड आहे 'बाहु'. म्हणजे एका बी-ओ-डब्ल्यूमागे भुजा उभी आहे आणि दुसऱ्यामागे बाहू. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला गाठून सांगितलं होतं.

अशी जोडी इंग्रजीत आणखीही आहे. आर-ओ-डब्ल्यू रांग असेल किंवा वल्हवणं असेल तर रो, भांडण असेल तर राउ. एस-ओ-डब्ल्यू पेरणं असेल तर सो, डुकरीण असेल तर साउ. आणि लेकीला हेही सांगा की आपण मराठीतही हेच करतो. 'चार शेळ्या चार' हे वाक्य मोठ्यानं म्हणा. पहिला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून, दुसरा दंतमूलीय, म्हणजे जीभ दातांच्या मुळाशी लावून, लिहिताना काहीच फरक नाही. 'जरा थांब' मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला ज, तेही तसंच. आपल्याला कोणी शिकवलं नाही, ऐकून आलं. इंग्रजी आपल्या कानावर तेवढी पडत नाही, म्हणून माइकवरच्या त्या मुलाची चूक अगदी साहजिक होती.

लेकीनं सरावाला हे वाक्य इंग्रजीतून म्हणावं: व्हायोलिनवादकानं गज खाली घेतला आणि लवून नमस्कार केला. आधी बो, मग बाउ.