शास्त्रज्ञ आणि शाळेतील शिक्षक एकत्र शिकल्याचे भारतात एखादे उदाहरण आहे का, आणि त्याचा उपयोग झाला का?

होय, मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे, आणि त्याचा उपयोग निश्चितच झाला. १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या या उपक्रमात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक खेड्यातील शिक्षकांबरोबर बसून सहावी ते आठवीचे प्रयोग स्वतः करून पाहत, आणि वर्गातील अनुभव ऐकून पाठ बदलत. मुलांच्या हाती काय सहज येते हे शिक्षकांना ठाऊक होते, तर निरीक्षणावरून निष्कर्ष कसा काढावा याची शिस्त वैज्ञानिकांकडे होती. फूल उकलून पाहण्यासाठी सुईऐवजी बाभळीचा काटा वापरणे, ही मला या देवाणघेवाणीची सर्वांत बोलकी खूण वाटते. मुलांनी पत्रातून विचारलेल्या प्रश्नांना ‘सवालीराम’ या नावाने उत्तरे जात, हेही महत्त्वाचे. मात्र असे काम शासनाच्या पाठबळावाचून टिकत नाही: जिल्हाभर पसरून इतर जिल्ह्यांतही पोहोचलेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य शासनाच्या निर्णयाने बंद झाला.