मजले कापले तरी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू आखलेल्या वाचनालयाचा वरचा मजला कापला गेला, दुमजली उंचीच्या वाचनकक्षात मध्येच स्लॅब आला आणि विटांच्या जाळीऐवजी आता एसीपीचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तयार फलकांचे, चकचकीत पत्रे लागणार. 'ड्रॉइंगवरून माझं नाव काढून घेऊ का?' असं विचारतेस. घ्यायचंच असेल तर ते कधीही घेता येईल. त्याआधी एका वास्तुकाराबद्दल वाच.

एडवर्ड रावनिकार. जन्म १९०७, मृत्यू १९९३, स्लोव्हेनियाचा. आपल्याकडे कॉलेजात त्याचं नाव कोणी घेत नाही. तिथली राजधानी ल्युब्लियाना, तिचं नाव निघालंच तर योझे प्लेचनिक या वास्तुकाराचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. तिहेरी पूल, बाजार, ग्रंथालय, असं अर्धं शहर त्या एका म्हाताऱ्याने घडवलं. रावनिकार त्याचा विद्यार्थी. गुरू एवढा दांडगा असला की शिष्याच्या रेघेलाही त्याचीच लकब लागते. तू ज्यांच्या ऑफिसात आहेस त्यांच्या बाबतीत हे तुला नव्याने सांगायला नको!

रावनिकार राष्ट्रीय ग्रंथालयाच्या कामावर प्लेचनिकच्या हाताखाली राबला. तुझंही वाचनालयच आहे, म्हणून त्या इमारतीचा जिना मुद्दाम सांगतो. ३२ काळसर खांबांच्या रांगांमधून अंधारातून वर चढायचं आणि वर उजेडाने भरलेला वाचनकक्ष. बास, एवढंच. पण इमारतीचा सगळा जीव तिथे आहे. उंचीवर तो अवलंबून नाही, चढण्याच्या क्रमावर आहे.

१९३९ मध्ये तो पॅरिसला, आधुनिक वास्तुकलेतला दादा माणूस ल कॉर्बुझिए, त्याच्या ऑफिसात गेला, काही महिनेच. (पुण्यात जन्मलेले, जेजेत शिकलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी त्याच ऑफिसात पोचले ते १९५१ मध्ये. दोघांनी गुरूचं काय घेतलं आणि काय सोडलं, यावर तुझ्यासारख्या कोणीतरी बसून लिहायला हवं.) तिथून परतल्यावर लोक सहसा पहिल्या गुरूला मोडीत काढतात. याने तसं केलं नाही. ल्युब्लियानात त्याने केलेल्या मॉडर्न गॅलरी या कलादालनाची दगडी भिंत बघ, विणल्यासारखी दिसते. भिंत मुळात विणलेल्या कापडासारखी, हा गॉटफ्रीड झेम्पर या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन वास्तुकाराचा विचार. तो प्लेचनिकचा गुरू, व्हिएन्नाचा ओटो वाग्नर, याच्याकडून प्लेचनिककडे आणि तिथून याच्याकडे आला. कोकणातली कुडाची भिंत ज्याने पाहिली आहे त्याला झेम्पर समजावून सांगावा लागत नाही, ती गोष्ट वेगळी.

आता तुझ्या दुखण्याकडे येतो.

युद्धानंतर सीमा नव्याने आखली गेली. गोरित्सिया शहर इटलीकडे राहिलं आणि युगोस्लाव्हियाने आपल्या बाजूला नवं शहर वसवायचं ठरवलं, नोव्हा गोरित्सा. आराखडा रावनिकारचा, पायाभरणी जून १९४८ मध्ये. त्याच महिन्यात युगोस्लाव्हियाचा टिटो आणि रशियाचा स्टालिन यांचं फाटलं. पुढे पैसा आटला, आराखड्यातला रुंद हमरस्ता आणि मोजक्या इमारती तेवढ्या उभ्या राहिल्या. चाळिशीत पाऊल ठेवताना अख्खं शहर हातात आलं आणि हातातच राहिलं. तुझा तर एकच मजला गेलाय. बरं, हे वाक्य मी मागे घेतो. ज्याचं दुखतं त्याला दुसऱ्याचं मोठं दुखणं सांगून बरं वाटत नाही.

त्यापेक्षा ल्युब्लियानाचा क्रांती चौक बघ. १९६० मध्ये स्पर्धा झाली, रावनिकार जिंकला. संसदेसमोर, उर्सुलाइन मठाच्या जुन्या बागेच्या जागी दोन त्रिकोणी मनोरे, जणू शहराची वेस. त्यात सरकारी कचेऱ्या यायच्या होत्या. मग राजकारण बदललं, पैसा कमी पडला, मनोऱ्यांचे बरेच मजले कापले गेले. कचेऱ्यांच्या जागी एका मनोऱ्यात बँक आली, दुसऱ्यात इस्क्रा ही कंपनी. शेजारी डिपार्टमेंट स्टोअर झालं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्सांकार्येव्ह दोम हे सांस्कृतिक केंद्र. त्याचा मोठा भाग जमिनीखाली आहे. स्पर्धेपासून वीस वर्षांहून जास्त काळ तो माणूस त्याच चौकात अडकून होता.

मी तिथे एकदाच गेलो, दोन दिवस. खरं सांगायचं तर मनोरे मला ठेंगणेच वाटले. पण दोघांच्या मधून चालताना वेशीतून जातोय हे पायांना कळतं. उंची गेली, त्रिकोण राहिला आणि दोघांमधलं नातं राहिलं. १९९१ च्या जूनमध्ये स्लोव्हेनियाच्या स्वातंत्र्याचा सोहळा याच चौकात झाला. आता त्याचं नाव प्रजासत्ताक चौक. त्यानंतरही कित्येक वर्षं तिथे गाड्या उभ्या असायच्या. त्या हटल्या २०१४ मध्ये, रावनिकार गेल्यावर एकवीस वर्षांनी.

नावाबद्दल एक. आताच्या क्रोएशियातल्या राब बेटावर दुसऱ्या महायुद्धात इटालियन फॅसिस्टांची छळछावणी होती, तिथे मेलेल्यांसाठी रावनिकारने १९५३ मध्ये स्मशानभूमी केली. स्थानिक दगड, थडग्यांच्या सरळ रांगा, एका कमानदार छताखाली मारिय प्रेगेल्यचं मोझेक. आरडाओरडा नाही, मुठी आवळलेले पुतळे नाहीत. त्याचं सर्वांत चांगलं काम मी हेच मानतो. आणि ते बांधलं कोणी? जवळच्या गोली ओटोक बेटावर टिटोच्या राजवटीने डांबलेल्या राजकीय कैद्यांनी. एका छावणीच्या स्मारकाचा दगड दुसऱ्या छावणीतल्या माणसांनी घडवला. हे कळल्यापासून त्या स्मारकाचे फोटो मला पूर्वीसारखे बघता येत नाहीत. त्या कैद्यांची नावं ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या कुठल्या टायटल ब्लॉकमध्ये शोधायची? तू स्वतःचं नाव काढायला निघालीस तेव्हा मला आधी हे आठवलं.

एसीपीवर मात्र भांड. मजल्याचं बजेट नगरपरिषदेच्या हातात आहे, तिथे तुझं चालणार नाही. पण पत्रा स्वस्त पडतो हे ठेकेदाराचं बोलणं तू आकडे न मांडता मान्य केलंस. गावातल्या भट्टीची वीट, गवंड्याचे रोज, दहा वर्षांनी पत्रा बदलायचा खर्च, सगळं एका कागदावर मांड आणि मुख्याधिकाऱ्यांसमोर ठेव. साहेबांना आधी दाखव, त्यांना डावलून जाऊ नकोस.

आणि रविवारी ये. येताना एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजूचं ड्रॉइंग, आणू नकोस, फक्त जिन्याचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, आण, १:२० मध्ये, हाताने काढलेला. दुमजली कक्ष गेला, पण त्या जिन्यावर पूर्वेची खिडकी अजून आहे ना? तिची खालची कड कुठल्या पायरीला डोळ्यासमोर येते, ते बघू.

तुझा,
सर