इको मोडच्या भरवशावर वॉरंटी सोडू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षांची ऑटोमॅटिक गाडी, टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स, वर्षाला 12,000 किलोमीटर, तेही बहुतेक गर्दीत. वॉरंटी संपत आलीय आणि आणखी दोन वर्षं वाढवायला बरीच मोठी रक्कम सांगितलीय. तुमचा बेत असा की यापुढे गाडी फक्त इको मोडवर चालवायची. पेट्रोल वाचेल, गिअरबॉक्स टिकेल, मग वॉरंटी कशाला?

वॉरंटी घेऊ नका असं मीही म्हणेन कदाचित, पण या कारणासाठी नाही.

आधी पेट्रोल. भाव हलत राहतात, म्हणून लिटरमध्येच मोजू. लिटरला 15 किलोमीटर धरले तर वर्षाला 800 लिटर लागतात. इकोमुळे 5 टक्के वाचले असं मानलं तर 40 लिटर, म्हणजे साधारण एक टाकी. तीही हातात पडेलच असं नाही. इको मोडमध्ये अ‍ॅक्सिलरेटर मऊ होतो, वरचा गिअर लवकर पडतो, काही गाड्यांत एसीचा जोरही कमी होतो. गाडी ओढत नाही म्हणून तुम्ही पाय जास्त दाबलात की वाचलेलं तिथेच गेलं. महामार्गावर एकाच वेगाने सगळ्यात वरच्या गिअरमध्ये जाताना तर इको आणि नॉर्मल यांत फारसा फरक उरत नाही. तिथे वेग कमी केलात तरच पेट्रोल वाचतं. जोरात पळवायच्या स्पोर्ट मोडचं वेगळं: खालचा गिअर धरून इंजिन जास्त फिरत राहतं, त्यामुळे खर्च वाढतोच. (उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्यांसाठी: गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर आजची इंजिनं इंधन बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय ते धोक्याचं.)

आता गिअरबॉक्स. त्याचा खरा शत्रू उष्णता, मोड नव्हे. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाची ताकद तेलातून पुढे देतो. थांबत-सरकत चालताना तो लॉक होत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत, आत घसरण होते आणि तेल तापतं. तापून तापून तेलाचा कस गेला की क्लचप्लेट (गिअर बदलताना एकमेकींना पकडणाऱ्या गिअरबॉक्समधल्या चकत्या) लवकर झिजतात. इकोचं बटण दाबल्याने तुमची गर्दी कमी होत नाही. उलट स्पोर्टमधले गिअर झटक्याने पडले तरी प्लेट कमी वेळ घासतात, तेव्हा तो मोड गिअरबॉक्स खातोच असंही सरसकट म्हणता येत नाही. जोरात पळवून सतत तापवलात तर गोष्ट वेगळी.

त्यामुळे पैसा घालायचा तर आधी गिअरबॉक्सच्या तेलात. ‘हे तेल आयुष्यभर पुरतं’ असं सर्व्हिसला सांगितलं जातं. कोणाच्या आयुष्यभर, ते विचारा. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी 80,000 ते 120,000 किलोमीटर किंवा 8 वर्षं अशी तेल बदलायची मर्यादा सांगते. तुमची गाडी 60,000 वर आहे, वॉरंटीच्या त्या दोन वर्षांत 84,000 होईल. गर्दीतलं चालवणं पाहता मी एवढी वाट पाहणार नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

राहिली वॉरंटी. तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे. मग गिअरबॉक्स दुरुस्तीचा पूर्ण अंदाज लेखी मागवा आणि स्वतःला विचारा: ही रक्कम एकदम गेली तर त्या पैशाला किंवा कर्जाच्या हप्त्याला धक्का लागेल का? लागत नसेल तर वॉरंटीची रक्कम वेगळ्या खात्यात टाका, तेल त्यातूनच बदला आणि उरलेल्याला दोन वर्षं हात लावू नका. धक्का लागत असेल तर वॉरंटी घ्या, पण ‘नेहमीची झीज’ वगळलीय का ते सहीआधी वाचा. बऱ्याच करारांत क्लच त्याच शब्दांत बाहेर पडतो, आणि तसं असेल तर ती रक्कम पुन्हा खात्याकडेच वळवा.