वाचकांचे प्रश्न : पोस्टग्रेसची नवी आवृत्ती आणि रोजची देखभाल

प्रश्न : आमच्या केळी खरेदी-विक्रीच्या कार्यालयात पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची १३वी आवृत्ती आहे. तिची मुदत संपल्याचे समजले, पण काम तर सुरळीत चालू आहे. थेट १८व्या आवृत्तीवर जावे का? — एक वाचक, रावेर

उत्तर : जावे, आणि पुढच्या हंगामाची गर्दी सुरू होण्यापूर्वी जावे. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. १३व्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, त्यामुळे यापुढे तिच्यात सुरक्षेची एखादी त्रुटी सापडली तरी मूळ प्रकल्पाकडून तिची दुरुस्ती निघणार नाही. १८वी आवृत्ती २५ सप्टेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाली असून मधल्या आवृत्त्यांवर न थांबता थेट तिच्यावर जाता येते.

आपल्या कामात उपयोगी पडेल असा एक बदल मुद्दाम सांगतो. समजा, खरेदीच्या टेबलवर आधी गाव आणि मग तारीख अशा क्रमाने इंडेक्स (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची) आहे, आणि गावे रावेर, सावदा, फैजपूर, यावल अशी मोजकीच आहेत. गाव न देता केवळ तारखेने शोध घेतला, तर आजवर हा इंडेक्स फारसा कामी येत नसे. १८व्या आवृत्तीतील स्किप स्कॅन या शोधपद्धतीमुळे सर्व्हर एका गावाच्या नोंदींतून नेमकी ती तारीख काढून थेट पुढच्या गावाकडे जातो, आणि मधल्या नोंदी वाचण्याचे टळते. मात्र इंडेक्समध्ये गावाच्या जागी शेतकऱ्याचा खातेक्रमांक पहिला असेल, तर वेगवेगळी मूल्ये हजारोंच्या घरात गेल्याने हा लाभ जवळजवळ मिळत नाही. याच आवृत्तीत डिस्कवरून वाचन असिंक्रोनस पद्धतीने होऊ लागले आहे, म्हणजे एक पान (डेटाचा ठरावीक तुकडा) येईपर्यंत खोळंबून न राहता सर्व्हर पुढच्या पानांची मागणी आधीच करून ठेवतो. मोठे टेबल सलग वाचताना आणि व्हॅक्यूम (काढलेल्या नोंदींची सफाई) चालताना याचा उपयोग होतो. लिहिण्याच्या कामाला ही सोय अजून लागू नाही.

अडचण येते ती प्रत्यक्ष स्थलांतराच्या वेळी. १८व्या आवृत्तीत नवे क्लस्टर (एका सर्व्हरचा सगळा डेटा) तयार करताना डेटा चेकसम (बिघाड ओळखण्यासाठीचे पडताळणी-अंक) आपोआप चालू होतात, आणि जुन्या क्लस्टरमध्ये ते बंद असतील तर पीजी-अपग्रेड हे स्थलांतराचे साधन पहिल्याच तपासणीत थांबते. अशा वेळी नव्या क्लस्टरमध्ये चेकसम बंद करण्याचा पर्याय असला, तरी मी तो सुचवणार नाही. डिस्कवर पान बिघडले आहे हे वेळीच कळणे फार मोलाचे असते, म्हणून जुना सर्व्हर थांबवून पीजी-चेकसम्स या साधनाने तेथेच चेकसम चालू करावेत आणि मग पुढे जावे. दुसरी बाब पासवर्डची. १३व्या आवृत्तीत पासवर्ड मूळ सेटिंगप्रमाणे एमडी५ या जुन्या सांकेतिक स्वरूपात साठवले जात; १४पासून स्क्रॅम हे अधिक सुरक्षित स्वरूप मूळ सेटिंग झाले आहे, आणि १८व्या आवृत्तीने एमडी५ पुढे काढून टाकले जाणार असल्याचे जाहीर केले आहे. लॉगिनचे नियम असलेल्या नव्या एचबीए फाइलमध्ये केवळ स्क्रॅम लिहिलेले असेल, तर जुन्या पासवर्डने कोणालाही आत येता येणार नाही. प्रथम तेथे एमडी५ राहू द्यावे, प्रत्येक वापरकर्त्याचा पासवर्ड नव्याने ठेवावा आणि त्यानंतरच ती ओळ बदलावी.

एक दिलासा असा की, पूर्वी स्थलांतरानंतर प्लॅनरची (क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, कशी चालवायची हे ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी शून्यातून गोळा करावी लागत असे आणि तोवर साध्या क्वेरीही रेंगाळत. १८व्या आवृत्तीत यांपैकी बहुतेक आकडेवारी सोबत येते.

प्रश्न : जुन्या नोंदी काढून टाकल्या तरी डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. आपोआप सफाई करणारे ऑटोव्हॅक्यूम चालू आहे. चूक कोठे होत असावी? — एक वाचक, धुळे

उत्तर : पोस्टग्रेसमध्ये नोंद काढली किंवा बदलली तरी तिची जुनी प्रत लगेच नाहीशी होत नाही, कारण त्याच वेळी दुसरे एखादे ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणारा व्यवहार) ती वाचत असू शकते. व्हॅक्यूम या मृत प्रतींची जागा त्याच टेबलमधील नव्या नोंदींसाठी मोकळी करते. ती जागा ऑपरेटिंग सिस्टिमला क्वचितच परत मिळते. त्यामुळे डिस्क मोकळी दिसत नाही, एवढ्यावरून काही बिघडले आहे असे मानू नये. टेबल सतत वाढत असेल, तर मात्र शोध घ्यायला हवा.

मूळ सेटिंगनुसार टेबलच्या २० टक्के अधिक ५० इतक्या नोंदी मृत झाल्यावर ऑटोव्हॅक्यूम त्या टेबलकडे वळते. एक कोटी नोंदींच्या टेबलमध्ये याचा अर्थ वीस लाख मृत नोंदी साचेपर्यंत काहीच घडत नाही. अशा मोठ्या टेबलपुरता स्केल फॅक्टर, म्हणजे ही टक्केवारी, ०.०२ (दोन टक्के) इतका खाली आणावा; सर्व डेटाबेससाठी तो बदलण्याची गरज नाही. तरीही मृत नोंदी हटत नसतील, तर चालू कनेक्शन दाखवणाऱ्या पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीमध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अवस्थेत कोणते कनेक्शन तासन्‌तास पडून आहे ते पाहावे. एखाद्या प्रोग्रॅमने ट्रान्झॅक्शन उघडून तसेच सोडले असेल, तर त्यानंतर मृत झालेल्या नोंदी व्हॅक्यूमला हलवता येत नाहीत, मग ते कितीही वेळा चालवले तरी. अशा कनेक्शनसाठी कालमर्यादा ठरवण्याचे सेटिंग उपलब्ध आहे, ते अवश्य वापरावे. व्हॅक्यूम फुल ही आज्ञा जागा खरोखर परत देते. परंतु ती चालू असताना टेबल पूर्ण बंद राहते आणि टेबलची नवी प्रत मावेल इतकी मोकळी जागा आधी लागते. डिस्क काठोकाठ भरल्यावर तिचा आधार घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आश्रमशाळेच्या विद्यार्थ्यांची यादी आडनावाने लावली की ‘वळवी’ आधी आणि ‘वसावे’ नंतर येते. हे दुरुस्त होईल का? — एक शिक्षक, नंदुरबार

उत्तर : होईल. आपला डेटाबेस अक्षरांच्या युनिकोड क्रमांकानुसार नावे लावत आहे. त्या क्रमात ‘ळ’ हे ‘ल’च्या लगेच पुढे, म्हणजे ‘स’च्या आधी येते, आपल्या वर्णमालेत मात्र ते ‘ह’नंतरचे आहे. त्याच कारणाने ‘क्षीरसागर’ हे नाव ‘खैरनार’च्या आधी येऊन बसते. आयसीयू या लायब्ररीचे मराठी कोलेशन (अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम) पोस्टग्रेसमध्ये १०व्या आवृत्तीपासून वापरता येते. नावाच्या कॉलमला किंवा केवळ क्वेरीतील क्रम ठरवणाऱ्या ऑर्डर बायच्या ओळीत ते लावले की ‘वसावे’ आधी आणि ‘वळवी’ नंतर येईल. कॉलमचे कोलेशन बदलल्यास त्यावरचा इंडेक्स नव्याने बांधला जातो, म्हणून मोठ्या टेबलवर हे काम शाळा सुटल्यावर करावे. पुढे कधी ऑपरेटिंग सिस्टिम बदलली आणि पोस्टग्रेसने कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याची सूचना दिली, तर तिच्याकडे दुर्लक्ष न करता असे इंडेक्स रीइंडेक्स (नव्याने बांधणी) करून घ्यावेत, अन्यथा यादीत असलेले नावही शोधताना न सापडण्याची शक्यता असते.

प्रश्न : वेग वाढवण्यासाठी एफसिंक (डेटा डिस्कवर पोहोचल्याची खात्री करणारे सेटिंग) बंद करण्याचा सल्ला मिळाला आहे. आमच्याकडे वीज वरचेवर जाते. — एक वाचक, चोपडा

उत्तर : कृपया करू नका. एफसिंक बंद असताना वीज गेली, तर संपूर्ण डेटाबेस दुरुस्त न होण्याइतका बिघडू शकतो. वेग हवाच असेल, तर सिंक्रोनस कमिट (प्रत्येक व्यवहार पक्का होताना डिस्कची वाट पाहणे) बंद करावे. त्यात वीज गेल्यास शेवटच्या क्षणांतील काही नोंदी जातील, पण उरलेला डेटा सुसंगत राहील. पैशांच्या व्यवहारांसाठी मात्र तेही चालूच ठेवावे.