सेकंडहँड २९११ राउटर बूट होत नाही, मदरबोर्ड गेला असेल का?

तुम्ही लिहिलंय, अमळनेरला राहता, सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंगच्या परीक्षेच्या सरावासाठी जळगावहून जुना सिस्को २९११ आणला. पंखे घोंघावतात, एसवायएसचा दिवा हिरवा लुकलुकत राहतो, लॅपटॉपला आयपी मिळत नाही. दुकानदार म्हणतो, "चालू व्हता ना भाऊ!" आणि परत करायला आठ दिवसांची मुदत आहे.

परत करू नका, निदान आज तरी नाही. तो दिवा विझलेला असता किंवा पिवळा असता तर मीच म्हटलं असतं की उचला आणि बस पकडा. हिरवा लुकलुकणं म्हणजे राउटर बूट होतोय किंवा रॉममॉनमध्ये थांबलाय. रॉममॉन म्हणजे आयओएस (राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम, आयफोनची नव्हे) सापडली नाही की राउटर जिथं येऊन बसतो ती जागा. तुमचा दुकानदार खोटंही बोलत नसेल. कंपन्या जुना माल काढताना मागच्या बाजूचं फ्लॅश कार्ड काढून घेतात किंवा पुसून टाकतात. आयओएस त्या कार्डावरच असते. मग राउटर धडधाकट असूनही रिकामा राहतो.

हे खात्रीनं कळायला कन्सोल केबल लागते, म्हणजे राउटरशी थेट बोलायची केबल. लॅपटॉपला नेटवर्कची केबल लावून काही दिसणार नाही, कारण आयओएसच नसेल तर आयपी देणार कोण? निळी चपटी कन्सोल केबल आणि यूएसबी-सिरियल अडाप्टर घ्या, पुटी या लॅपटॉपवरच्या प्रोग्राममध्ये वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. इथं मी स्वतः आठ दिवस घालवलेत. माझा पहिला राउटर २८११, एका जिनिंगच्या भंगारातून आलेला, पंख्यात कापसाची फुकी गच्च बसलेली. स्क्रीन कोरी, म्हणून मी तो उघडला, फुकी काढली, रॅम काढून बसवली, त्यात रॅमच्या खाचेची क्लिप मोडली. शेवटी मित्राचा अडाप्टर लावला तर स्क्रीनभर अक्षरं! माझ्या अडाप्टरमधली चिपच नकली होती. तेव्हापासून कोरी स्क्रीन दिसली की मी आधी केबलवर संशय घेतो, राउटरवर नंतर. स्क्रीनवर कचरा अक्षरं आली तर आधीच्या मालकानं वेग बदललेला असतो. ११५२०० लावून बघा.

केबल नीट असेल तर 'रॉममॉन १ >' दिसेल. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजीतच करा.) आधी 'डिर फ्लॅश०:' द्या. बिन एक्स्टेन्शनची फाइल दिसली तर नशीब, 'बूट फ्लॅश०:' आणि पुढे त्या फाइलचं नाव लिहा, झालं. कार्डच नाही किंवा रिकामं आहे असं निघालं, तर २९११ मध्ये एक सोय आहे: पेनड्राइव्हवरून बूट. जुना ४ किंवा ८ जीबीचा पेनड्राइव्ह फॅट३२ करा, त्यावर २९०० मालिकेची इमेज (आयओएसची फाइल) टाका आणि 'बूट यूएसबीफ्लॅश०:' करून फाइलचं नाव द्या. राउटर काही पेनड्राइव्ह ओळखतच नाही, तेव्हा दोन-तीन जवळ ठेवा. कोणी एक्समॉडेम, म्हणजे कन्सोल केबलवरूनच फाइल चढवणं, सुचवलं तर हात जोडा. १०० एमबीची फाइल ९६०० च्या वेगानं चढवायला सव्वा दिवस लागतो, आणि तेवढ्यात आपल्याकडे लाइट किती वेळा जाईल ते तुम्हीच मोजा.

इमेज सिस्कोच्या साइटवरून करार असलेल्या खात्यालाच मिळते. टेलिग्रामवर फिरणाऱ्या फाइलपेक्षा दुकानदाराला पकडा. त्याच्याकडे त्याच लॉटमधला एखादा चालू २९११ असेल तर त्याच्या कार्डावरची फाइल तो देऊ शकतो. कुठूनही आणा, फाइलचा एमडी५ (ती अस्सल आहे का ते सांगणारा आकडा) सिस्कोनं दिलेल्या आकड्याशी ताडल्याशिवाय चढवू नका.

कार्डासाठी नवीन खर्च करण्याआधी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एखाद्या जुन्या फोटोग्राफरला विचारा. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत हीच कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डं असायची, आता ती त्यांच्या खणात पडून आहेत. ४ जीबीपर्यंतचं घ्या. राउटर पेनड्राइव्हवरून उठला की कार्ड आतच 'फॉरमॅट फ्लॅश०:' करा आणि 'कॉपी' कमांडनं इमेज पेनड्राइव्हवरून त्यावर उतरवा. कार्ड घालताना जोर लावू नका, आतल्या पिना केसासारख्या वाकतात.

बूट झाल्यावर जुन्या कंपनीचा पासवर्ड मागेल. तुम्ही रॉममॉनमध्येच आहात, तर पहिल्या बूटआधीच 'कॉन्फरेग ०एक्स२१४२' आणि मग 'रीसेट' द्या. जुनी सेटिंग न वाचता उठेल. मग ती सेटिंग 'राइट इरेज'नं पुसा, तिचा फोटो कुठंही टाकू नका, त्यात त्या कंपनीची घरची माहिती असते. आणि 'कॉन्फरेग'नं बदललेलं रजिस्टर परत ०एक्स२१०२ करा. हे विसरलात तर दर वेळी बंद करून चालू केल्यावर तुमचा अभ्यास गायब होईल, आणि तुम्ही पुन्हा मदरबोर्डला दोष द्याल.

आता वाईट बाजू. खात्रीच्या अडाप्टरवरही स्क्रीन कोरीच राहिली, तर वीज काढून रॅम एकदा उपसून बसवा. २०१४ मध्ये सिस्कोनंच जाहीर केलं होतं की एका पुरवठादाराच्या २००५ ते २०१० मधल्या मेमरी चिप असलेली काही यंत्रं वर्षानुवर्षं चालतात, पण एकदा बंद केली की परत उठत नाहीत. जुन्या मालात ही शक्यता खरी आहे, कारण विकण्याआधी तो बंद केलेलाच असतो. रॅम बदलूनही काही नाही, तर आठव्या दिवसाची वाट न बघता परत करा.

अजून एक, तुम्ही तो पत्र्याच्या खोलीत ठेवलाय म्हणता. हा राउटर कागदोपत्री ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी आहे. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच त्याहून जास्त असतं, तेव्हा दुपारी सराव नको, पहाटे करा. आई पंख्यांच्या आवाजावरून बोलेल, ते मात्र सोसावं लागेल.

केबल मिळाली की स्क्रीनवरच्या पहिल्या दहा ओळी इथं टाका, सिरियल नंबर झाकून.