एस्प्रेसो आंबट लागतोय? आधी दळण बघा

मशीन बदलायच्या आधी कॉफीच्या बिया दळणाऱ्या ग्राइंडरकडे बघा. साध्या मशीनवर छान एस्प्रेसो निघतो. दळण एकसारखं नसेल तर महागड्या मशीनवरही निघत नाही.

बास्केट, म्हणजे पूड भरायची छिद्रांची वाटी, १८ ग्रॅमची असेल तर पूड १८ ग्रॅम, कपात कॉफी ३६ ग्रॅम आणि वेळ २५ ते ३० सेकंद, इथून सुरुवात करा. ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवाच. १५ सेकंदांतच ३६ ग्रॅम उतरली आणि चव आंबट आली, तर ग्राइंडर एक खाच फिरवून दळण बारीक करा. थेंब थेंब पडून कडू झाली, तर थोडं जाड. पुडीचं वजन तेव्हा अजिबात बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणारच नाही.

टॅम्प करण्याआधी, म्हणजे पूड दाबून बसवण्याआधी, बारीक सुईने तळापर्यंत ढवळून गुठळ्या फोडा. गुठळ्या राहिल्या की पाणी सैल जागेतून वाट काढतं. पोर्टाफिल्टर (बास्केट बसवून मशीनला अडकवायचा दांडा) उघड्या तळाचा असेल तर बारीक पिचकारी उडताना दिसते.

दिवा लागला म्हणजे मशीन तापलं असं नव्हे. पोर्टाफिल्टर अडकवून १५ मिनिटं थांबा.

बाहेरून एकच छिद्र दिसणारी दुहेरी तळाची बास्केट दळणाच्या चुका झाकते. ग्राइंडर चांगला असेल तर ती काढून साधी लावा.