'ब्लॅक ब्युटी' म्हणजे मुलांना घोड्यांवर दया करायला शिकवणारी गोष्ट, एवढंच ना?

लहानपणी मलाही तसंच वाटलं होतं. मेलेल्या जिंजर घोडीला गाडीवर टाकून नेतात, तिथे रडून घेतलं आणि संपलं. गेल्या वर्षी लेकीसोबत पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हा अडले ती सॅमपाशी.

सॅम लंडनचा गाडीवान. गाडी आणि दोन घोडे मालकाचे. त्यांचं दिवसाचं भाडं 18 शिलिंग. ते आधी चुकवायचं, मग उरेल ते आपलं. घरी बायको आणि सहा मुलं. चौदा-सोळा तास गाडी हाकायची, रविवारीसुद्धा सुट्टी नाही. घोड्याची दशा बघून अड्ड्यावरचा एक जुनाजाणता त्याला म्हणतो, तुम्हा दोघांना पोलीस कोर्टातच न्यायला हवं. त्यावर सॅम उसळतो: पोलिसांना काही करायचंच असेल तर एवढं भाडं उकळणाऱ्या मालकांना धरा, नाहीतर प्रवासाचे दर इतके कमी ठरवणाऱ्यांना. थोड्याच दिवसांत तो तापाने जातो. शिफ्टवर रिक्षा चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हा हिशोब त्याला समजावून सांगावा लागणार नाही.

श्रीमंतांच्या घरीही तेच. घोड्याची मान फॅशनपायी ताठ दिसावी म्हणून एक जादा लगाम बांधत. त्याने मान खाली घालता येत नाही, चढावर ओढ घ्यायला जोरच लावता येत नाही, श्वास कोंडतो. कोचमन यॉर्कला हे कळतं, पण बाईसाहेबांचा हुकूम! तो रोज एकेक भोक पुढे घेत लगाम आवळत जातो.

लेखिका ॲना सेवेलने हे मुलांसाठी लिहिलंही नव्हतं. घोड्यांशी रोज काम पडणाऱ्यांनी वाचावं, अशी तिची इच्छा होती. चौदाव्या वर्षी पायाला झालेल्या दुखापतीपासून तिचं फिरणं घोडागाडीवरच अवलंबून होतं. पुस्तक 1877च्या नोव्हेंबरात आलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती वारली.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने 2015 साली दिला, तेव्हा गाडीवानांच्या पुनर्वसनाचंही बघायला सांगितलं होतं. घोड्यांच्या बरगड्या बघून मला तो आदेश पटला होता, अजूनही पटतो. गाडीवानाचं पुढे काय, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला खुशाल द्या, जिंजरच्या प्रकरणाला फक्त जवळ बसा. आणि घ्याल तर पूर्ण पुस्तक घ्या. माझ्या लहानपणीच्या संक्षिप्त प्रतीत सॅम नव्हताच.